सेट झालीय, मशीनही चालवता येतं, मग अर्ज कुठला भरू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी एमएस्सी फिजिक्स, 58 टक्के, महाराष्ट्र सेट (प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा) पास. तीन वर्षं एका विद्यापीठात प्रोजेक्टवर होतो, तिथलं एक्सआरडी मशीन (क्ष-किरणांनी पदार्थाची रचना तपासणारं) मीच बघायचो. आता दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. एका विद्यापीठाची जाहिरात आलीय, त्यात असिस्टंट प्रोफेसरच्या 11 महिन्यांच्या जागा आहेत आणि टेक्निकल असिस्टंटची एक कायम जागा. घरचे म्हणतात प्राध्यापकी सोडून लॅबमध्ये कशाला जातोस. पीएचडी नाहीये, तर प्राध्यापकाचा अर्ज चालेल का? आणि माझी सेट कर्नाटकात चालते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पीएचडीचं टेन्शन आधी काढून टाका. मधे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) विद्यापीठाच्या विभागांसाठी पीएचडी सक्तीची करायचं ठरवलं होतं पण 1 जुलै 2023 पासून ते मागे घेतलं, आता एमएस्सीला 55 टक्के आणि नेट (देशभर चालणारी पात्रता परीक्षा) किंवा सेट एवढं असलं की असिस्टंट प्रोफेसरला अर्ज करता येतो. कर्नाटकात मात्र नाही चालणार. आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र आणि गोवा एवढ्यापुरतीच आहे, बाहेर जायचं तर नेट द्याच.

आता खरा प्रश्न. कायम असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन सातव्या आयोगात 57,700 पासून सुरू होतं, म्हणून घरच्यांना ते मोठं वाटतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तुमच्यासमोर ती जागा नाहीये हो, 11 महिन्यांची आहे, मुदत संपली की परत नवीन जाहिरात, परत मुलाखत. आणि तासिका तत्त्वावरची वर्षं पुढं सेवा म्हणून सहसा धरत नाहीत कारण यूजीसीची अट अशी की नेमणूक रीतसर निवड समितीतून झालेली पाहिजे आणि पगारही नियमित शिक्षकापेक्षा कमी नको. माझ्या ओळखीतली किती हुशार पोरं या चक्रात चाळिशीला आली, फार वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन्ही अर्ज भरा पण जीव टेक्निकल असिस्टंटच्या अर्जात ओता. लॅबमधलं काम दुय्यम असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. एक्सआरडीसाठी होल्डरमध्ये सॅम्पलची पावडर भरून काचेच्या स्लाइडनं दाबून पृष्ठभाग अगदी समतल करायचा, जरा वरखाली झालं की ग्राफमधले पीक, म्हणजे उंच टोकं, सरकतात आणि एखाद्या मुलीचा थिसिसचा ग्राफ चुकतो. हे तुम्हाला हातानं येतं, ते पुस्तकात वाचून येत नाही. पीएचडी नोकरी करत पार्टटाइम करता येते का तेवढं त्या विद्यापीठाकडे विचारून ठेवा, मशीन हाताशी असलेल्या माणसाला विषय शोधत फिरावं लागत नाही.

अर्जात "लॅबचा अनुभव" एवढंच मोघम लिहू नका. मशीनचं मॉडेल, साधारण किती सॅम्पल्स रन केली, चिलर, अलाइनमेंट, बुकिंगचं रजिस्टर कोण सांभाळायचं, सगळं लिहा. आणि प्रोजेक्टच्या गाइडकडून अनुभवाचं पत्र आजच मागा, लेटरहेडवर, जॉइन झाल्याची आणि सोडल्याची तारीख घालून. बरेच अर्ज छाननीत इथंच अडकतात. जातीचा दाखला लागत असेल तर नॉन क्रिमीलेअरची मुदत बघून घ्या, आणि ऑनलाइन भरल्यावर हार्ड कॉपी पाठवायची असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, नांदेडहून स्पीड पोस्टला वेळ लागतो.