पोवळ्याला चिंच लावू नका!

'लंडनच्या मावशीने दिलेला चांदीचा जुना खुळखुळा. एका टोकाला शिट्टी, दुसऱ्याला पोवळं, मधे घुंगरं. काळा पडलाय, घरी कसा उजळू?' हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. मी हे करून बसलेय.

चिंच, लिंबू, व्हिनेगर काही नको. चांदी बुडवून काढायचं बाजारातलं द्रावणही नको.

माझा इथल्या, इंग्लंडातल्या जुन्या बाजारातला. देवाची भांडी घासायच्या सवयीने सरळ चिंचेच्या कोळात ठेवला. पोवळ्याभोवती बारीक बुडबुडे सुटले. म्हटलं, वा, मळ निघतोय! अर्ध्या तासाने बघते तर चांदी लख्ख आणि पोवळं खडूसारखं पांढुरकं, खरखरीत. अहो, पोवळं म्हणजे एक प्रकारची चुनखडीच, आंबटात विरघळणारच. शाळेत शिकले होते, तरी!

मग एका दुकानात दुरुस्तीला दिला. त्यांनी न विचारता चांदीही मशीनवर घासली आणि शिट्टीजवळचे छाप पुसट केले. वर 'आता चमकतंय ना?' पैसे काही परत मिळाले नाहीत. म्हणून आधी भिंगाखाली छापांचे फोटो काढा. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहराचा छाप, अक्षरावरून साल. राजाराणीचं डोकं असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० मधली.

मी सोनार नाही, माझ्यापुरतं सांगते: चांदी कोरड्या मऊ फडक्याने, पोवळं जेमतेम ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करायचं. सोन्याचा मुलामा दिसला तर घासूच नका. खाचांतला काळेपणा तर राहू द्याच, नक्षी त्यानेच उठते.

आपण बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या मण्यांच्या मनगट्या घालतो ना, तसं इंग्रजांचं हे पोवळं; शिवाय दात येताना चावायलाही. असे खुळखुळे फितीने बाळाच्या कमरेला नाहीतर गळ्यात अडकवायचे. शिट्टी मिरवायची हौस मोठ्यांनाही होती बरं का. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचा आरमारप्रमुख एडवर्ड हॉवर्ड १५१३ साली फ्रान्समधल्या ब्रेस्टजवळच्या लढाईत बुडाला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्याने गळ्यातली सोन्याची शिट्टी आधी समुद्रात भिरकावली, असं सांगतात.

आणि हो, नातवाच्या तोंडात देऊ नका. घुंगरांचे सांधे जुने असतात, माझ्याकडचं एक नुसतं हलवताना निखळून सोफ्याखाली गेलं.