डेटाग्रॅम सॉकेटवर उत्तर परत कसे पाठवावे
दोन प्रोग्रॅमना यूडीपीवर, म्हणजे डेटाग्रॅम (सुटे संदेश) पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर, एकमेकांशी बोलायचे असेल, तर प्रत्येकी एकच सॉकेट (प्रोग्रॅमचे नेटवर्कशी जोडलेले टोक) पुरतो. त्यावरून पाठवताही येते आणि घेताही येते. सर्व्हरने ठरलेला पोर्ट (संदेश कोणत्या प्रोग्रॅमचा हे सांगणारा क्रमांक) बाइंड करावा, म्हणजे आपल्या सॉकेटला जोडून घ्यावा. क्लायंटला पहिल्यांदा पाठवताना ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच मोकळा पोर्ट देते. म्हणूनच सर्व्हरच्या कोडमध्ये क्लायंटचा पोर्ट कधीही लिहून ठेवू नका, तर रिसीव्हफ्रॉम या डेटा घेणाऱ्या फंक्शनने डेटाबरोबर जो पत्ता हाती दिला, त्याच पत्त्यावर उत्तर पाठवा. मध्ये राउटरचे नॅट (पत्ते बदलून देणारी सोय) असले, तरी उत्तर सहसा याच वाटेने पोहोचते.

खरी मेख पुढे आहे. १९८० साली आरएफसी ७६८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडलेला यूडीपी ना पोहोचण्याची हमी देतो, ना क्रमाची. क्लायंटच्या सॉकेटला टाइमआउट (वाट पाहण्याची कालमर्यादा) लावला नाही, तर एक पॅकेट हरवताच प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत अडकून बसतो. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या आणि उत्तरातही तोच क्रमांक तपासा, नाहीतर उशिरा आलेले जुने उत्तर नव्या विनंतीचे समजले जाईल. साध्या इथरनेटवर, आयपीव्ही४ वापरताना, संदेश १४७२ बाइटच्या आत ठेवावा. घेणाऱ्याचा बफर (आलेला संदेश ठेवायची जागा) लहान पडला, तर उरलेला भाग पुढच्या वाचनात मिळत नाही, तो टाकूनच दिला जातो. टीसीपीची, म्हणजे पोहोचण्याची आणि क्रमाची काळजी स्वतः घेणाऱ्या प्रोटोकॉलची, सवय झालेले इथे हमखास फसतात.