घरी चांगला चहा कसा करायचा? आलं घातलं की माझं दूध फाटतं, काय चुकत असेल?

तुमचं दूध चांगलं आहे. पातेलंही स्वच्छ आहे. आलं आधी पाण्यात खळखळ उकळा, मग दूध घाला. झालं उत्तर. पण हा प्रश्न माझ्या फार जुन्या दुखण्यावर बोट ठेवतोय, त्यामुळे पुढचंही ऐकाच.

१९९८चा मे महिना. साताऱ्याला आमच्या घरी ताईला बघायला मंडळी आली होती. मी नुकताच दहावीत गेलेलो, म्हणजे घरचा हरकाम्या. खुर्च्या मांड, पाणी दे, आलं किस. पोहे झकास झाले. चहा काकूच्या ताब्यात. काकूची पद्धत अशी की दूध, पाणी, साखर, आलं सगळं एकदम पातेल्यात ओतायचं, बारीक गॅसवर ठेवायचं आणि बाहेर गप्पांना यायचं. चौदा कपांचं पातेलं, तापायला वेळ लागणारच. मी पावडर टाकायला आत गेलो तर वर हिरवट-पिवळं पाणी आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगतायत. रतिबाचं सगळं दूध त्यातच गेलेलं. पाहुण्यांना कोकम सरबत दिलं.

काकूने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पातेलं यानं विसळलं होतं."

आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ताईचं पुढच्याच वर्षी नाशिकला छान जमलं, पण आजही कुणाची मुंज असो की बारसं, चहा आला की विषय निघतोच: याच्या पातेल्यापायी एक स्थळ गेलं.

आता खरं कारण. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, झिंजिबेन. दूध साधारण ६० ते ७० अंशांना पोहोचलं की ते जोरात काम करतं आणि दूध थिजवतं. चीनमध्ये ग्वांगडाँगला हे मुद्दाम करतात. वाटीत आल्याचा रस, वरून गरम गोड दूध, काही मिनिटांत खरवसासारखं घट्ट. पाणी उकळलं की हे विकर मरतं, म्हणून आलं आधी पाण्यात. बारीक गॅसवर हळूहळू तापणारं चौदा कपांचं पातेलं म्हणजे त्याची चैनच.

गेल्या दिवाळीत काकूच्याच ओट्यावर दोन पातेली ठेवली. एकात आलं आधी उकळून मग दूध, दुसऱ्यात सगळं एकदम. दुसरं फाटलं. काकू म्हणाली, "तेव्हाचं दूध वेगळं होतं." शिवाय तिचा नेहमीचा मुद्दा, टपरीवाला सगळं एकत्रच तर टाकतो! अगं, पण त्याचं पातेलं सकाळपासून गार कधी पडतं? आलं ठेचून टाकतो ते उकळत्यात.

बाकी चहाचं म्हणाल तर दोन कपांना सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध. आलं किसू नका, ठेचा. किसलेल्याने चहा उगाच तिखट होतो. पाणी तीन मिनिटं उकळू द्या, मग साखर, दोन चमचे पावडर, आणि मिनिटभराने तापवलेलं दूध. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद, एक मिनिट झाकण. आपली दाणेदार सीटीसी पावडर पत्ती चिरडून, फाडून, वळून केलेली असते, ती लगेच रंग सोडते. दहा-दहा मिनिटं उकळून 'कडक' केल्याची फुशारकी मारणारे फक्त तुरटपणा काढत असतात. गवती चहा आल्याबरोबरच पाण्यात, वेलदोडा शेवटी. फ्रिजमधलं गार दूध थेट ओतणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. आणि प्यायचा बशीत ओतून, फुरका मारून. पाहुण्यांसमोर लाज वाटत असेल तर पाहुणे गेल्यावर दुसरा कप करा.

गुळाचा करणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावरच, तोही फाडतो. दार्जिलिंगची पत्ती आणली असेल तर वरचं सगळं विसरा. उकळी बसलेल्या पाण्यात तीन मिनिटं झाकून ठेवा आणि दूध न घालता प्या.

आणि हो, आदल्या दिवशीचं ताक नाहीतर आमटी लागलेल्या पातेल्यातही दूध फाटतं, हे खोटं नाही. तेव्हा पातेलं विसळून घ्या. मी त्या दिवशी दोनदा विसळलं होतं.