एक मोटर आणि पाच ब्रँच

विद्यार्थीमित्रा,

गणित आणि फिजिक्सला गुण चांगले पडले, आता इंजिनिअरिंगची ब्रँच कोणती घेऊ, असं तू विचारलंस. आधी ते गुण जरा बाजूला ठेव. सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे किंमत टाकून, पर्याय खोडून उत्तर काढणारा पुढे जातो. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये दोन वर्षं हाच सराव झाला की आवड कुठली आणि सवय कुठली, हे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं.

त्यापेक्षा विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोटर बघ. पूर्ण लोडवर ती प्रत्येक फेजला साधारण साडेसात अँपिअर घेते. चालू असताना एक फेज गेला तरी ती बऱ्याचदा थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह मात्र सुमारे पावणेदोन पट होतो, तेरा अँपिअरच्या घरात जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्या वायंडिंगमध्ये जवळपास तिप्पट. मग वार्निश जळाल्याचा वास येतो आणि मोटर रिवायंडिंगला जाते. तीच मोटर बंद असताना दोन फेजवर सुरू करायला गेलं तर नुसती गुंगुं करते, फिरत नाही.

हे का होतं, म्हणून तू वही ओढलीस, १२० अंशांनी सरकलेल्या तीन साइन लहरींतून फिरतं चुंबकीय क्षेत्र कसं तयार होतं ते मांडून बघितलंस, तर इलेक्ट्रिकल घे. गेलेला फेज ओळखून स्टार्टर पाडणारं सर्किट कसं असेल, याकडे मन धावलं तर इलेक्ट्रॉनिक्स. तिथे कॉम्प्लेक्स नंबर रोज लागतात. पाणी किती उंच चढेल, इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) का झिजतो, बेअरिंग का तापतं, हे प्रश्न पडले तर मेकॅनिकल. अशा दहा मोटारी कोणत्या क्रमाने चालवाव्यात याचे नियम लिहावेसे वाटले तर कॉम्प्युटर. पण तिथलं गणित वेगळं आहे. लॉजिक, मोजणीच्या रीती, ग्राफ, मॅट्रिक्स, संभाव्यता यांचं काम जास्त, बारावीच्या फिजिक्सचं फार कमी. फिजिक्सच जास्त आवडत असेल तर तिथे उपाशी राहशील.

विहिरीचं बांधकाम सिव्हिलचं. या ब्रँचला फिजिक्स लागत नाही, हा समज अगदी चुकीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत दगड-मातीची जाडजूड घरं कोसळली. भिंत जितकी जड तितकं भूकंपात तिच्यावर येणारं बल मोठं, आणि मातीचा सांधा ताण सोसत नाही. हा न्यूटनचा दुसरा नियमच. साध्या आधारावरच्या तुळईचं उदाहरण घे: छेद तोच, दर मीटरवरचा भार तोच, फक्त लांबी दुप्पट, तर मधला झोल सोळापट. सोळाच का, हे स्वतः काढून बघावंसं वाटलं तर सिव्हिलचा विचार कर.

आता आठवडाभराचं काम. आवडलेल्या दोन ब्रँचचा तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम काढ. पहिल्या वर्षाचा नको. तो सगळ्यांना बराचसा सारखाच असतो आणि तिथेच मुलं फसतात. प्रत्येक ब्रँचचा एक मुख्य विषय घे, एनपीटीईएलवर (आयआयटीच्या प्राध्यापकांची मोफत ऑनलाइन व्याख्यानं) त्याची पहिली तीन व्याख्यानं ऐक आणि पाच गणितं पर्याय न बघता, पूर्ण मांडणीसह सोडव. उत्तर चुकलं तरी चालेल. चुकल्यावर पुन्हा बसावंसं वाटतं का, तेवढं बघ.

आणि यंत्रात मन रमलं नाही, फक्त सिद्धता आणि मूळ नियमच ओढत राहिले, तर आयसर (विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) किंवा बीएस्सीकडे वळ. घरच्यांना सांगताना औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाचं उदाहरण दे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार आहे. आयसरची प्रवेश परीक्षा मात्र वेगळी असते, तिच्या अर्जाची तारीख आधीच बघून ठेव.

कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरताना आधी ब्रँच, मग कॉलेज. संभाजीनगरचं शासकीय आणि नांदेडचं एसजीजीएस ही इंजिनिअरिंग कॉलेजं वर टाकायला हरकत नाही, पण नुसतं नाव हवं म्हणून नको असलेली ब्रँच पहिल्या क्रमांकावर लिहू नकोस. पहिला पर्याय मिळाला की तो स्वीकारावाच लागतो.