एसी किमोच्या पहिल्या डोसनंतर उलट्या, तोंड आलेलं: दिवस धरून काय करायचं

ताई, आईंचा एसीचा (ॲड्रियामायसिन हे लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड, अशी दोन औषधांची किमो) पहिला डोस होऊन पाच दिवस झाले, उलट्या चालू आहेत, तोंड आलंय आणि राधानगरीहून दर वेळी कोल्हापूरला आणायचं की घरीच बघायचं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक बघा. दिवसभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल किंवा लघवी कमी आणि गडद होत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, आजच घेऊन या. सलाईन लागेल. तसं नसेल तर कॅलेंडर हातात घ्या, कारण किमोचा प्रत्येक त्रास आपापल्या दिवशी येतो.

एसीची मळमळ दोन टप्प्यांत येते: पहिले चोवीस तास, आणि मग दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत. बहुतेक घरांत उलटी झाल्यावर गोळी देतात, तिथंच गणित चुकतं. कागदावर लिहिलेल्या गोळ्या त्रास नसला तरी वेळेवर द्यायच्या. डेक्सामेथासोन असेल तर सकाळी, खाऊन झाल्यावर. संध्याकाळी दिली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. शुगरवाल्यांची साखरही तिनं चढते, तेवढे दिवस घरी तपासा. ओलान्झापिन असेल तर ती रात्री. गुंगी येते, म्हणून रात्री उठताना कुणीतरी हाताला धरावं. हे सगळं करूनही उलट्या झाल्या, तर तारीख-वेळेसकट लिहून दुसऱ्या डोसच्या आधी डॉक्टरांना दाखवा. औषधं वाढवता, बदलता येतात. ‘किमोत एवढं चालायचंच’ म्हणून गप्प बसू नका.

उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉन गोळीनं पोट घट्ट होतं, ही गोष्ट फार जण विसरतात. तीन दिवस शौचाला झालं नाही की त्यानंच मळमळ वाढते आणि खापर किमोवर फुटतं. डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजसारखं औषध वेळेत सुरू करा. पाणी नीट पिता येत नसेल तर इसबगोल नको, उलट अडकतं. एनिमा तर अजिबात नको. किमोनं रक्तातल्या पेशी कमी असताना तिथली जखम महागात पडते.

तोंडासाठी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. चमचा चहाचा, आणि सोडाच. बेकिंग पावडर नव्हे. दिवसातून पाच-सहा वेळा अर्धा मिनिट तोंडात खेळवून थुंकायचं, पाणी रोज नवं करायचं. ब्रश मऊ. आई मिश्री लावत असतील तर ती आजपासून बंद, यात तडजोड नाही. जिभेवर पांढरा थर दिसला तर बुरशी असू शकते. ती गुळण्यांनी जात नाही, औषध लागतं.

खाण्यात फोडणीचा वास हा मोठा शत्रू. आई दुसऱ्या खोलीत असताना स्वयंपाक उरका आणि गरमागरम नको, कोमट वाढा. मऊ खिचडी, नाचणीची पेज, पूर्ण उकडलेलं अंडं. पांढरा रस्सा दिसायला सौम्य, पण त्यातली मिरची-मिरी आलेल्या तोंडाला झोंबतेच. मटणाचं अळणी द्या; मिरी न घालता, तवंग काढून, गाळून. आणि ताकद येते म्हणून धारोष्ण दूध पाजू नका. दूध उकळूनच. गाड्यावरचा उसाचा रस नको, त्यातला बर्फ तर नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त झाला, किंवा ताप नसताना हुडहुडी भरली, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन ‘उतरतोय का बघू’ करू नका. आकडा झाकला जातो, जंतुसंसर्ग वाढत राहतो. गावातल्या डॉक्टरांकडून तापाचं इंजेक्शनही घेऊ नका. थर्मामीटर जिभेखाली लावा, चहा-पाण्यानंतर पंधरा मिनिटांनी; काखेत कमी दाखवतो. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: ‘किमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला.’ अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. राधानगरीहून रात्रीची गाडी कुणाची, हे आधीच ठरवून ठेवा. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडून रस्ते बंद होतात, तेव्हा हा आठवडा कोल्हापुरात पाहुण्यांकडे काढलेला बरा.

डोसनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो त्या लाल औषधाचा रंग, घाबरू नका. नंतर जळजळ झाली किंवा पुन्हा लाल दिसली तर मात्र कळवा, सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला त्रास देतं. हृदय-किडनीचं पथ्य नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, घोटघोट.

गुळवेल, काढे, हळदीच्या कॅप्सूल बाजूला ठेवा. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, आणि ही औषधंही यकृतातूनच जातात. भाजीतल्या हळदीला कुणी अडवत नाही.

एसीनंतर पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं दुसरं औषध ठरलं असेल तर त्यात पायाला मुंग्या येतात, तळवा बधिर होतो. तेव्हा कोल्हापुरी चप्पल कपाटात. चामडं चावलेलं कळत नाही आणि ओल्या फरशीवर ती सटकते. मागून पट्टा असलेलं मऊ, बंद पायताण घ्या. शर्टाची बटणं लावायला जमेना झाली की लगेच डॉक्टरांना सांगा, डोस कमी करायचा की नाही ते त्यावरून ठरतं.