सेफ्टी बुटका असला तर बिघडतं कुठे?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची टीमनी फेरीफेरीने केलेली निवड, एप्रिलच्या अखेरीस होतो आणि त्यानंतर नवख्या खेळाडूंबद्दलचे प्रश्न सुरू होतात. या वेळच्या प्रश्नांत एकच चिंता पुन्हा पुन्हा दिसली: आपल्या टीमने घेतलेला सेफ्टी फारच छोटा तर नाही ना? एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो आहे.

सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) आम्ही सोमवारी पहाटे उठून बघतो, पण सेफ्टी नेमकं काय करतो ते अजून उमगलेलं नाही. आणि त्याच्याच उंचीची एवढी चर्चा कशासाठी? (पुणे)

बचाव करणाऱ्या अकरा जणांत सेफ्टी सगळ्यात मागे उभा राहतो. बहुतेक वेळा ते दोघे असतात. समोरच्याने लांब पास टाकला, तर तो अडवायची जबाबदारी त्यांची. एखादा धावणारा पुढच्या सगळ्यांच्या हातून निसटला, तर त्याला पाडायचं कामही त्यांचंच. त्यांच्या मागे कुणीच नसतं, त्यामुळे त्यांची चूक थेट टचडाउनला, म्हणजे सहा गुणांना पडते.

फ्री सेफ्टी खोलवर, मैदानाच्या मधोमध उभा राहून क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास टाकणाऱ्याचे, डोळे वाचतो. स्ट्राँग सेफ्टी पुढे, लाइनबॅकरच्या (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंच्या) आसपास असतो आणि धडक घेतो. उंचीची चर्चा होते ती समोर कोण उभं आहे ते पाहून. डेरिक हेन्रीसारखा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, 6 फूट 3 इंचांचा आणि 110 किलोंच्या वरचा आहे. तो पूर्ण वेगात येत असताना वाटेत साडेपाच-पावणेसहा फुटांचा मुलगा दिसला की कुणाच्याही पोटात गोळा येणारच.

आमच्या टीमने दुसऱ्या फेरीत 5 फूट 9 इंचांचा सेफ्टी घेतला. ऑफिसमधले सहकारी म्हणतात, ही निवड वाया गेली. खरंच तसं आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. बॉब सँडर्सचं उदाहरण घ्या. उंची 5 फूट 8 इंच. इंडियानापोलिस कोल्ट्सने 2004 मध्ये त्याला दुसऱ्याच फेरीत घेतलं आणि 2007 मध्ये तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याच्या आधीचा, म्हणजे 2006 चा हंगाम तर मुद्दाम आठवावा असा आहे. दुखापतीमुळे सँडर्स साखळीतले चारच सामने खेळला, आणि त्या हंगामात धावून मिळवलेले यार्ड देण्यात कोल्ट्सचा बचाव लीगमध्ये सर्वांत वाईट होता. सरासरी सामन्याला 173 यार्ड. प्लेऑफला सँडर्स परतला आणि पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीला धावून फक्त 44 यार्ड मिळाले. कोल्ट्स ती सुपर बोल जिंकले. श्रेय एकट्याचं नव्हतं, पण तो परतल्याने काय बदललं ते सगळ्यांना दिसलं.

अँटवान विनफील्ड ज्युनियरही 5 फूट 9 इंचांचाच. टॅम्पा बेने 2020 मध्ये त्याला दुसऱ्या फेरीत, 45 व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तो साखळीतले सगळे 16 सामने सुरुवातीपासून खेळला आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास मध्येच पकडला.

आता सहकाऱ्यांना जे सांगायचं ते हे. सँडर्स सुमारे 93 किलोंचा होता, विनफील्ड 92 च्या आसपास. उंचीने लहान, पण अंगाने मुळीच किरकोळ नाहीत. अशा माणसाचा गुरुत्वमध्य खाली असतो, त्यामुळे तो समोरच्याच्या मांडीत, गुडघ्यात शिरतो. कबड्डीत घोट्याची पकड घेणारा धिप्पाड असावा लागत नाही, तसंच. म्हणून 5 फूट 9 इंच हा आकडा ऐकून थांबू नका, त्यापुढे वजन विचारा. वजन 90 किलोंच्या आसपास असेल तर मला फारशी काळजी वाटणार नाही. 80-82 असेल, तर त्याला कुठे खेळवणार हे मी आधी विचारेन.

टायरन मॅथ्यू हलक्या वजनाचा होता, ड्राफ्टच्या वेळी साधारण 84 किलो. तरीही तो लीगमधल्या उत्तम सेफ्टींपैकी एक झाला. पण ॲरिझोनाने त्याला सतत मोठ्या धडकेत ढकललं नाही. आतल्या बाजूच्या रिसीव्हरवर (पास पकडणाऱ्यावर) ठेवलं, मोकळं फिरू दिलं, पासचा अंदाज घेऊ दिला.

मग निवड आपल्या हातात असेल तर उंच, धिप्पाड आणि वेगवान असाच घ्यावा, नाही का? (सनीवेल, कॅलिफोर्निया)

या प्रश्नाचं उत्तर 2010 च्या ड्राफ्टने दिलेलं आहे, आणि ते प्रत्येक चाहत्याला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

टेलर मेज हा यूएससी या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा सेफ्टी त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी होता. 6 फूट 3 इंच, 104 किलो, आणि एवढा देह घेऊन 40 यार्ड साडेचार सेकंदांच्या आत. कागदावर याहून चांगला सेफ्टी बनवणं अवघड. यूएससीचे त्याचे प्रशिक्षक पीट कॅरोल नेमके त्याच वर्षी सिॲटल सीहॉक्सकडे आले. त्याला रोज सरावात पाहिलेला माणूस आता 14 व्या क्रमांकावर निवड करणार होता. कॅरोल यांनी घेतला टेक्सास विद्यापीठाचा अर्ल थॉमस, उंची 5 फूट 10 इंच. मेज दुसऱ्या फेरीत 49 व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला. एका हंगामानंतर त्यांनीही त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं, आणि तिथेही तो कधी खंबीर सेफ्टी ठरला नाही.

थॉमसकडे काय होतं? चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून सुटायच्या आधीच पाऊल उचलायची समज. मैदानाची रुंदी 53 यार्डांहून थोडी जास्त, म्हणजे जवळपास 49 मीटर. मधोमध एकटा उभा राहणाऱ्याला दोन्ही कडांपर्यंत पोचायचं असतं. तिथे अर्ध्या सेकंदाची समज पाच इंच उंचीपेक्षा कितीतरी मोलाची.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत कॅरोल यांनी कॅम चॅन्सेलर घेतला. 6 फूट 3 इंच, 105 किलो! म्हणजे जवळपास मेजचंच माप. त्याला मात्र पुढे, लाइनजवळ उभं केलं आणि मागचं सगळं अंगण थॉमसवर सोपवलं. पहिल्या वर्षी चॅन्सेलर राखीवच होता, नियमित जागा 2011 पासून मिळाली. फेब्रुवारी 2014 मधल्या सुपर बोलमध्ये डेनव्हरसारख्या त्या हंगामातल्या सर्वांत आक्रमक टीमला या बचावाने आठच गुण करू दिले, सामना 43-8. पाच इंचांचा फरक असलेले दोन सेफ्टी आणि दोघेही आपापल्या जागी अव्वल. शरीर पाहून जागा ठरवायची असते, दर्जा नाही. लोक नेमकं उलटं करतात.

अलीकडचं उदाहरण काइल हॅमिल्टनचं. 6 फूट 4 इंचांचा हा मुलगा 2022 च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचणीत, 40 यार्ड 4.59 सेकंदांत धावला आणि 'हळू आहे' असं म्हणून त्याचा भाव उतरला. बॉल्टिमोरने 14 व्या क्रमांकावर घेतला, पहिलं वर्ष हळूहळू वापरला, आणि दुसऱ्या वर्षी तो ऑल-प्रो, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीतला, झाला.

कॅन्सस सिटीकडून पास पकडणारा ट्रॅव्हिस केल्सी 6 फूट 5 इंचांचा. त्याच्यावर 5 फूट 9 इंचांचा सेफ्टी कसा पुरा पडणार? (टोरांटो)

एकटा पडत नाही, आणि कुठलाही शहाणा प्रशिक्षक तसं एकट्याला सोडत नाही. विनफील्डच्या ज्या सुपर बोलबद्दल वर सांगितलं, तीत त्याच्या टीमविरुद्ध केल्सीने दहा पास पकडले, 133 यार्ड मिळवले. तरी कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करता आला नाही, सामना 31-9 गेला. टॅम्पाने दोन्ही सेफ्टी खोल ठेवले, समोरचे छोटे पास होऊ दिले आणि डोक्यावरून काही जाऊ दिलं नाही. खरी अडचण गोलरेषेजवळ येते. तिथे मागे जागा उरत नाही, चेंडू उंच टाकला जातो आणि हाताची लांबी मोजावीच लागते. तिथे छोट्या सेफ्टीचं उणेपण खरं आहे.

छोट्या खेळाडूंना दुखापती जास्त होतात का? (नागपूर)

मला सर्वांत जास्त धास्ती याचीच वाटते. सँडर्स आठ वर्षांत 50 सामने खेळला. इतका थोर खेळाडू, आणि अर्ध्याहून अधिक काळ मैदानाबाहेर. मात्र त्याची खेळायची पद्धतही तशीच होती, प्रत्येक धडकेत सगळं अंग झोकून द्यायचं. उलट जिम लिओनार्ड, तोही 5 फूट 8 इंचांचा आणि ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला, दहा हंगाम टिकला. त्यामुळे उंचीवरून भविष्य सांगू नका, कॉलेजमध्ये किती सामने बुडाले ते बघा.

मुलगा चौदा वर्षांचा, शाळेत सेफ्टी खेळतो. बारीक आहे. कोच वजन वाढवायला सांगतात. काय करावं? (डॅलस)

घाई करू नका. या वयात शरीर अजून घडतं आहे, पावडरी आणि जबरदस्तीचं खाणं यांच्या मागे लागू नका. आहार-व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. कोचला मात्र एक गोष्ट जरूर विचारा: डोकं वर ठेवून, खांद्याने टॅकल करायला शिकवतात का? डोकं खाली घालून हेल्मेटने धडकणं एनएफएलने 2018 पासून फाउल ठरवलंय, ते उगाच नाही. मुलाला हा खेळ आवडत असेल आणि तुम्हाला धडकांची भीती वाटत असेल, तर फ्लॅग फुटबॉल आहेच. त्यात टॅकल नाही, कमरेची पट्टी ओढायची. लॉस एंजेलिस 2028 च्या ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदाच खेळला जाणार आहे.

ऑगस्टच्या सराव सामन्यांत नवख्या सेफ्टीत काय बघायचं? (एडिसनच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

चेंडूकडे बघणं सोडा, त्याच्या पहिल्या दोन पावलांकडे बघा. क्वार्टरबॅकने खोटा हात दाखवल्यावर तो पुढे धावला की जागेवर थांबला? धावणाऱ्याकडे तो सरळ जातो की तिरका, म्हणजे त्याला कडेकडे ढकलत? टॅकल हुकला तर मागून कुणी यायला वेळ मिळेल असा हुकला, की साफ उघडं पडून? आणि किक-पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू पायाने मारला जातो तेव्हा, त्याला मैदानात पाठवतात का तेही पाहा. बडा बेकर हा 5 फूट 10 इंचांचा सेफ्टी 2017 मध्ये, पहिल्याच वर्षी, स्पेशल टीम्समधल्या (याच किक-पंटच्या वेळच्या) कामासाठी ऑल-प्रो झाला होता. प्रशिक्षकांचा विश्वास बहुतेकदा तिथूनच सुरू होतो.