मशीनवर बरोबर, ग्राहकाकडे नापास

प्रश्न: आम्ही विमानाच्या पंखातल्या ॲल्युमिनियमच्या रिब्ज बनवतो. दोन भोकांतलं 600 मिमी अंतर मशीनवरच प्रोबने (स्पर्शाने मोजणाऱ्या टोकाने) तपासतो, तेव्हा ते अचूक असतं. ग्राहकाच्या सीएमएमवर (त्रिमितीय मापन यंत्रावर) तेच सहा-सात शतांश मिलिमीटर कमी भरतं. शिवाय सपाटपणाही बिघडलेला निघतो. मशीन कॅलिब्रेट केलेलं आहे, शॉपचं तापमान 30 अंशांच्या आसपास असतं. बाहेरच्या लॅबकडून मापन करून घेतलं तर उपयोग होईल का?

उत्तर: नक्की होईल. मात्र नुसता पास-नापासचा रिपोर्ट घेऊ नका, फरक कुठून येतो ते शोधून द्यायला सांगा.

अंतराचं कोडं तुमच्या पत्रातच सुटतं. ड्रॉइंगवरचं माप 20 अंश तापमानाला धरलेलं असतं. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं, मशीनची पोलादी स्केल (मोजपट्टी) त्याच्या निम्मी. म्हणजे 10 अंशांना 600 मिमीत जॉब (तुमची रिब) 138 मायक्रॉन वाढला, स्केल 69. उरलेले 69 मायक्रॉन ग्राहकाच्या थंड खोलीत कमी भरतात. कॅलिब्रेशनमध्ये दोष नाही. जॉब किती तापलाय हे त्या सर्टिफिकेटला कळत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये सरसकट 0.07 मिमी वाढवण्याचा मोह टाळा, हवा बदलली की तोच आकडा उलटेल. जॉबचं तापमान जॉबलाच सेन्सर लावून घ्या आणि त्यानुसार भरपाई द्या.

सपाटपणाचं दुखणं वेगळं आहे आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. क्लॅम्पखाली दाबलेली प्लेट सपाट दिसते, सोडली की वळते. लॅबला दोनदा मोजायला सांगा: आधी फिक्स्चरमध्ये (जॉब पकडायच्या चौकटीत) आवळलेली, मग मोकळी. पूर्ण पृष्ठभागाचा नकाशा मागा, चार-सहा बिंदू पुरत नाहीत. फुगवटा क्लॅम्पच्या जागीच असेल तर दाब जास्त आहे. प्रत्येक जॉब एकाच दिशेने धनुष्यासारखा वळत असेल तर कारण बहुधा प्लेटमधला ताण किंवा पॉकेट (आतले खळगे) काढण्याचा क्रम. प्लेटच्या सर्टिफिकेटवर टेम्पर (धातूवरच्या प्रक्रियेची खूण) टी7451 आहे का पाहा. शेवटचे '51' म्हणजे ताणून आतला ताण कमी केलेली प्लेट. तरीही रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) दोन्ही बाजूंनी आलटून पालटून करा, मग क्लॅम्प सैल करून डेटमचा पृष्ठभाग (ज्यावरून बाकीची मापं धरतात तो) पुन्हा घ्या आणि हलक्या दाबात फिनिश करा.

ग्राहक सपाटपणा मोकळ्या अवस्थेत मोजतो की ठरावीक दाबाखाली, हे ड्रॉइंगच्या टिपांमध्ये आधी शोधा. लॅबकडे जॉबसोबत तुमचं फिक्स्चरही पाठवा, आणि क्लॅम्पचा टॉर्क लिहून द्या.